मोडीपासून युनिकोडपर्यंत : आपल्या नामावळीच्या अक्षरांचा इतिहास

गतवर्षी चोपडे येथे भरलेल्या आपल्या वार्षिक सभेत असा ठराव झाला की, आजवरच्या स्मरणिकांतून वेळोवेळी प्रसिद्ध झालेल्या गाववार कुटुंबसूची एकत्र कराव्या व त्यांचा एकच ग्रंथ सिद्ध करावा. हे काम वरवर पाहता सोपे वाटले. जुनी पाने गोळा करावी, ती मुद्रणालयाकडे द्यावी आणि मुद्रिते तपासावी, एवढाच काय तो खटाटोप, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात कामास हात घातला तेव्हा जो अनुभव आला, त्यावरून आपल्या समाजाच्या लेखनाचा व मुद्रणाचा इतिहासच थोडा तपासून पाहावा असे मनात आले. प्रस्तुत लेख हे त्याचेच फळ होय.

अनुभव असा. खिळे जुळवून छापलेली सर्वांत जुनी स्मरणिका पिवळी पडली होती, कडा झडल्या होत्या. तरीही तिचे अक्षर नि अक्षर लागले. त्यानंतरची, संगणकावर जुळवलेली स्मरणिका मात्र वाचता येईना. तिच्या छापील प्रतींपैकी एकच हाती आली व तीही अपुरी निघाली. मधली बारा पाने वाळवीने खाल्ली होती. सुदैवाने जुळणीची तबकडी एका सभासदाने जपून ठेवली होती. ती संगणकात घालून उघडली तो काय! जेथे गावांची व माणसांची नावे असावयाची तेथे इंग्रजी अक्षरे, अवतरणचिन्हे, कंस आणि अर्धविराम यांचा नुसता कोलाहल. ज्या मुद्रणालयात ते काम झाले होते तेथे चौकशी केली असता जुना संगणक मोडीत निघाल्याचे व त्यावरील अक्षरसंचही त्याच्याबरोबरच गेल्याचे कळले.

येथे एक गोष्ट विशेषेकरून सांगितली पाहिजे. खिळ्यांच्या काळातील सूचीत केवळ कुटुंबप्रमुख पुरुषांची नावे आहेत. सुनांची व लेकींची नावे प्रथम छापली गेली ती या संगणकावरील स्मरणिकेत. म्हणजे ज्या सूचीत आपल्या मायबहिणींस प्रथमच नावानिशी स्थान मिळाले, नेमकी तीच सूची मुकी झाली होती. त्यामुळे ती सोडून देणे आमच्या मनास पटेना.

मोडीचा काळ

अक्षरे बदलण्याचा हा प्रसंग आपल्यावर पहिल्यानेच आला असे मात्र नाही. खानदेशाने अनेक लिप्या पाहिल्या आहेत. फारुकी सुलतानांच्या व सन १६०१ मध्ये अशीरगड पडल्यानंतर मोगलांच्या अमलात येथील दफ्तर फार्सीत चाले. मराठी अमलात मोडी रूढ झाली आणि सन १८१८ मध्ये इंग्रजी राज्य आले तरी गावच्या पाटील-कुळकर्ण्यांची दफ्तरे पुढे बराच काळ मोडीतच लिहिली जात होती. मोडीचा आरंभ यादवांचा मंत्री हेमाद्री याजकडून झाला अशी परंपरागत समजूत आहे. तिचे स्वरूप मात्र कोणासही ठाऊक आहे: आधी बोरूने सबंध ओळीची शिरोरेषा ओढून घ्यावयाची आणि मग हात न उचलता भराभर अक्षरे लिहीत जावयाचे. शब्दाशब्दांत जागा सोडण्याची रीत नाही. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी किंवा उकार यांचा भेद बहुधा नाही. आणि नित्याच्या शब्दांची संक्षिप्त रूपे ठरलेली.

अशा लिपीतील मजकूर बालबोधीत उतरवणे म्हणजे केवळ नक्कल करणे नव्हे. मोडीत जे लिहिलेलेच नसते ते वाचणाराने आपल्या ज्ञानाने भरावयाचे असते. शब्द कोठे तोडावा, वेलांटी पहिली की दुसरी, संक्षेपाचा विस्तार काय, हे ज्यास गाव, घराणे व व्यवहार माहीत आहे त्यासच कळते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून असे हजारो कागद मिळवले व ते ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने प्रसिद्ध केले. त्याचा पहिला खंड सन १८९८ मध्ये निघाला व पुढे एकंदर बावीस खंड झाले. सन १९२६ च्या अखेरीस त्यांनी धुळ्यातच देह ठेवला आणि त्यांच्या नावाने तेथे निघालेल्या संशोधन मंडळाने त्यांचा संग्रह जतन केला, हे खानदेशास भूषण होय. मोडीतून बालबोधीत झालेले हे रूपांतर यशस्वी झाले, कारण ते करणारे लिपीइतकेच विषयाचेही जाणकार होते. हे सूत्र वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सरकारी व्यवहारातून व शाळांतून मोडी मागे पडली आणि दोन पिढ्यांत आजोबांचे कागद नातवास परके झाले. त्याचे परिणाम आज आपण भोगतो. जातीचा दाखला पडताळून घेताना अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचा पुरावा मागतात. तो अनेकदा मोडी कागदांतच दडलेला असतो आणि मग मोडी वाचणाराच्या शोधात विद्यार्थी व पालक वणवण फिरतात. नावातील एक काना वा एक रफार इकडचा तिकडे झाला तरी खुलासे करीत बसावे लागते.

खिळ्यांचा काळ

मराठी मजकुराचे मुद्रण प्रथम महाराष्ट्राबाहेर झाले, ही मौजेची गोष्ट आहे. बंगाल्यात श्रीरामपूर येथे विल्यम कॅरे यांनी वैजनाथ पंडितांच्या साह्याने सन १८०५ मध्ये मराठी व्याकरण छापले व सन १८१० मध्ये मराठी कोश काढला. त्या कोशासाठी चक्क मोडीचे खिळे पाडले होते. मुंबईस गणपत कृष्णाजी यांनी शिळाप्रेसवर सन १८३१ मध्ये पंचांग छापले. आणि जावजी दादाजी यांनी सन १८६४ मध्ये अक्षरे ओतण्याचा कारखाना व सन १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढून मराठी अक्षरास जे सुबक वळण दिले ते पुढे कित्येक पिढ्यांच्या डोळ्यांत बसले.

खिळ्यांच्या छापखान्यात देवनागरीची मोठी अडचण अशी की, इंग्रजीस थोडे खिळे पुरतात, तर मराठीस जोडाक्षरे, वेलांट्या, मात्रा, रफार असे सर्व धरून कित्येक शे निरनिराळे खिळे लागतात. कंपोझिटर केसपुढे उभा राहून एकेक खिळा उचलून स्टिकमध्ये बसवी. त्याच्या दृष्टीने अक्षर म्हणजे ध्वनी नव्हे. अक्षर म्हणजे शिशाचा तुकडा. ‘कि’ जुळवताना वेलांटी आधी व ‘क’ मागून. रफार असेल तर तो शेवटी डोक्यावर. खिळ्यांची संख्या कमी व्हावी म्हणून लोकमान्य टिळकांपासून अनेकांनी विचार केला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी तर ‘अ’ची बाराखडी सुचवून लिपीतच सुधारणा मागितली. पुढे मराठी टंकलेखन यंत्र आले. त्यात कळा थोड्या असल्याने अक्षरांचे तुकडे पाडणे अटळच झाले. अर्धा ‘ख’ व काना मिळून ‘ख’, अर्धा ‘श’ व काना मिळून ‘श’, असा तो हिशेब.

या काळातील कामात चुका होत नसत असे नव्हे. पण मुद्रित हाती येई, गावातील जाणती माणसे ते वाचत आणि चूक कागदावर दिसे. काम संपले की खिळे पुन्हा केसमध्ये जात. उरे तो कागद, आणि कागद वाचण्यास कोणत्याही यंत्राची जरुरी नसे. आपली पहिली स्मरणिका म्हणूनच आजही वाचता येते.

संगणकाच्या अक्षरांचे दोन पंथ

सन १९८५ मध्ये अमेरिकेत आल्डस कंपनीने ‘पेजमेकर’ ही पान जुळवण्याची प्रणाली काढली आणि टेबलावरील मुद्रणजुळणीचे, ज्यास सर्वत्र डी.टी.पी. म्हणतात त्याचे, युग सुरू झाले. नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावांतूनही खिळ्यांच्या केसेस भंगारात जाऊन संगणक आले. परंतु संगणकाचा पाया इंग्रजी वर्णमालेवर घातलेला. एका अक्षरसंचास २५६ घरे आणि त्यांपैकी पहिली १२८ इंग्रजीच्या मालकीची. मराठीस यात बसवावयाचे कसे? कारागिरांनी टंकलेखन यंत्राचीच युक्ती योजली. इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांचे तुकडे नेऊन बसवले. संगणकाच्या समजुतीप्रमाणे तो इंग्रजी अक्षरेच साठवीत होता. पडद्यावर व कागदावर त्यांचे चित्र तेवढे मराठी दिसे. आणि प्रत्येक अक्षरसंच करणाराने तुकडे आपल्या सोयीने निरनिराळ्या घरांत ठेवले. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव आदी संच याच रीतीने चालले. ज्या संचात मजकूर जुळवला तो संच संगणकावर नसेल तर चित्र नाहीसे होऊन खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. आमच्या तबकडीतील कोलाहलाचे रहस्य हेच होते.

याच काळात दुसरा पंथही उभा राहत होता. कानपूरच्या आय.आय.टी.त आरंभ झालेले भारतीय लिप्यांचे कार्य सन १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या ‘सी-डॅक’ संस्थेत वाढीस लागले आणि सन १९९१ मध्ये ‘इस्की’ नावाची भारतीय मानक सांकेतिक पद्धती ठरली. तिचे तत्त्व असे की, साठवावयाचा तो आकार नव्हे, वर्ण. ‘कि’ म्हणजे आधी ‘क’, मग ‘इ’. रफार म्हणजे स्वर नसलेला ‘र’ आणि त्यापुढे व्यंजन, अगदी आपण उच्चारतो त्याच क्रमाने. चित्र कसे काढावयाचे ते संगणकाने पाहावे. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांसाठी निघालेल्या ‘युनिकोड’ने देवनागरीस जी १२८ घरे दिली, त्यांची मांडणी इस्कीच्याच आधारे केली. सन २००० च्या विंडोजपासून ही रीत सामान्य संगणकावर आली व तिच्यासाठी ‘मंगल’ हा अक्षरसंच प्रख्यात सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी आखला.

मग सर्वांनी लगेच युनिकोड का घेतले नाही, असे कोणी विचारील. कारण असे की, पत्र लिहिण्याच्या प्रणालींना युनिकोड कळू लागले, तरी पान जुळवण्याच्या प्रणालींना ते कळेना. पेजमेकरला तर ते अखेरपर्यंत कळले नाही. सन २००१ नंतर त्याची नवी आवृत्तीच निघाली नाही. त्याच्या जागी आलेल्या ‘इनडिझाइन’मध्ये भारतीय लिप्यांची सोय सन २०१२ च्या सुमारास झाली. मधल्या काळात लेखकाने युनिकोडमध्ये लिहून पाठवावे, मुद्रकाने ते जुन्या संचात उलटवून घ्यावे आणि पुढे कोणास तोच मजकूर हवा झाला तर पुन्हा युनिकोडमध्ये पलटावा, अशी दुहेरी ये-जा सुरू झाली. प्रत्येक फेरीत अक्षरे सांडू लागली.

अक्षरे कोठे सांडतात?

आम्ही पुष्कळ प्रयत्नांनी मूळ संचाचे नाव शोधून काढले. फाइलमध्ये संचाचे नाव नोंदलेले असते, हे एका तरुण सभासदाने दाखवून दिले. नंतर रूपांतर करणाऱ्या प्रणालीतून मजकूर बाहेर काढला. पहिल्या दर्शनी आनंद झाला, कारण पान मराठीत दिसत होते. बारकाईने वाचू लागलो तो प्रत्येक ओळीत काही ना काही निघे. त्या दोषांचे वर्गीकरण पुढे देत आहोत. ज्यांच्यावर असाच प्रसंग येईल त्यांस त्याचा उपयोग व्हावा.

पहिला दोष ऱ्हस्व वेलांटीचा. जुन्या संचात ती अक्षराच्या आधी साठवलेली असते. रूपांतरात तिला उचलून अक्षराच्या मागे न्यावी लागते. हे राहून गेले की ती मागील अक्षरास चिकटते. आमच्या सूचीत ‘शशिकांत’चा ‘शिशकांत’, ‘ललिता’ची ‘लिलता’ आणि ‘कविता’ची ‘किवता’ झाली होती. दोष सर्वत्र एकसारखा असेल तर तो एका झटक्यात सुधारतो. पण जोडाक्षर मध्ये आले की पुन्हा हाताने पाहावे लागते.

दुसरा दोष रफाराचा. तो जुन्या संचात अक्षराच्या व काना-वेलांटीच्याही नंतर येतो. युनिकोडमध्ये तो व्यंजनाच्या आधी गेला पाहिजे. आपल्या तालुक्यातील चहार्डी आणि वर्डी या दोन्ही गावांच्या नावांत दीर्घ वेलांटीवर रफार आहे. रूपांतरानंतर ‘चहार्डी’चे ‘चहाडीर्’ व ‘वर्डी’चे ‘वडीर्’ झालेले आढळले. चहार्डीकरांनी हे पान पाहिले असते तर मंडळास चांगलेच धारेवर धरले असते!

तिसरा दोष मराठीच्या खास अक्षरांचा. ‘वऱ्हाड’, ‘कुऱ्हाड’ यांतील आडवा र हिंदीस लागत नाही, म्हणून पुष्कळ प्रणालींत त्याची दखल नसते. त्याचा एक तर साधा रफार होतो, नाही तर तो गळून पडतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द भिन्न आहेत हे यंत्रास कोणी सांगावे? ‘ळ’ व ‘रू’ यांचीही गत तशीच, आणि ‘मंगरूळ’ या गावाच्या नावात तर दोन्ही एकत्र येतात. इंग्रजी नावांसाठी लागणाऱ्या ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र घर मिळाले तेच मुळी सन २००८ मध्ये, तत्पूर्वीच्या मजकुरात ते निरनिराळ्या रीतींनी लिहिलेले असते आणि त्यामुळे शोध घेता सापडत नाही.

चौथा दोष मोठा गमतीचा. पत्रलेखनाच्या प्रणालींत वाक्याचे पहिले इंग्रजी अक्षर आपोआप मोठे करण्याची व साधी अवतरणचिन्हे वाकडी करण्याची सोय असते. जुन्या संचात ती इंग्रजी अक्षरे म्हणजेच मराठीचे तुकडे. म्हणून लहान अक्षराचे मोठे झाले की पूर्ण ‘ग’चा अर्धा ‘ग’ होतो. आणि काही संचांत अर्धा ‘श’ अवतरणचिन्हाच्या घरात राहत असल्याने ते चिन्ह वाकताच ‘श’ नाहीसा होतो. यंत्राने केलेला उपकार असा अंगाशी येतो.

पाचवा दोष याच्या उलट. सूचीत मध्येच खरी इंग्रजी अक्षरे असतात, उदाहरणार्थ, पदव्या. रूपांतर करणारी प्रणाली त्यांनाही मराठीचे तुकडे समजून त्यांचे अर्थशून्य मराठी करते. आकडे व कंस यांचेही असेच होते. म्हणून जन्मवर्षे विशेष काळजीने तपासावी लागली.

या सर्वांवर उपाय एकच निघाला, आणि तो राजवाड्यांच्याच वाटेचा होता. यंत्राने जेवढे होईल तेवढे यंत्राकडून करून घेतले. उरलेल्यासाठी प्रत्येक गावाचे पान त्या त्या गावच्या वडीलधाऱ्यांपुढे ठेवले. अडावदचे पान अडावदकरांनी, लासूरचे लासूरकरांनी वाचले. एका वृद्ध आजींना वाचता येत नव्हते. त्यांच्या नातीने नावे मोठ्याने वाचली आणि आजींनी केवळ कानांनी ऐकून सात चुका दाखवल्या. खानदेशास यात नवल वाटू नये. बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांच्या ओव्या घरच्यांनी उतरवून ठेवल्या म्हणून सन १९५२ मध्ये त्या मुद्रित होऊन महाराष्ट्रास लाभल्या. लेखन हे अखेर उच्चाराचे वाहन आहे. आकार साठवणारी पद्धत लोपली व वर्ण साठवणारी टिकली, याचे कारणही हेच.

पुढील दक्षता

या अनुभवावरून मंडळास व सभासद कुटुंबांस काही सूचना कराव्याशा वाटतात. एक, यापुढे स्मरणिकेचा सर्व मजकूर मुद्रकाकडे देण्यापूर्वी युनिकोडमध्ये, साध्या स्वरूपात, कोणत्याही सजावटीवाचून जतन करावा. आणि मुद्रकाने पानांत ज्या दुरुस्त्या केल्या असतील त्या या मूळ प्रतीतही उतरवून घ्याव्या. नाही तर छापील प्रत शुद्ध व साठवलेली अशुद्ध, अशी विसंगती राहते. दोन, जुन्या तबकड्या ज्यांच्या घरी असतील त्यांनी त्या टाकून न देता मंडळाकडे आणून द्याव्या व ठाऊक असल्यास संचाचे नाव कळवावे. तीन, तयार पानांची पी.डी.एफ. प्रत ठेवावीच; तिच्यात अक्षरांचे चित्र कायम राहते. परंतु चित्रावर विसंबू नये. कारण जुन्या संचातील चित्राखाली कोलाहलच असतो. चार, कितीही यंत्रे आली तरी चांगल्या कागदावरील निदान पाच प्रती पाच निरनिराळ्या गावी ठेवाव्या. पाच, आपल्या तरुण-तरुणींपैकी काहींनी मोडी अवश्य शिकावी. घरोघरचे कागद अजून वाट पाहत आहेत.

शेवटी एक गोष्ट. मोडीतून बालबोधीत येताना, खिळ्यांतून संगणकात येताना आणि एका संचातून दुसऱ्यात जाताना प्रत्येक वेळी काहीतरी गळाले. आणि ज्या वेळी जाणत्या माणसांनी शेजारी बसून वाचले त्या वेळी ते परत मिळाले. वाळवीने खाल्लेल्या बारा पानांवरील नावे आता पूर्ण लागली आहेत. त्यांतील काही मायबहिणी आज हयात नाहीत. त्यांचे नाव छापलेले असे हे एकच स्थळ असण्याचा संभव आहे, आणि तेथे ते शुद्ध असावे यासाठी हा सारा खटाटोप. कुटुंबसूचीचा ग्रंथ लवकरच आपल्या हाती येईल. तो हाती येताच प्रत्येक घराने आपले पान मोठ्याने वाचून पाहावे व चूक आढळल्यास निःसंकोच कळवावी, एवढी विनंती करून आम्ही वाचकांची रजा घेतो.